समुद्रकाठचा पाळक : मिकाएल सार्स

उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्याच्या हाती आलेली जी अगदी आरंभीची कामे सांगितली आहेत, त्यांत प्राण्यांना नावे देणे हे एक होय. एदेन बागेत आदामापुढे एकेक प्राणी आला आणि आदामाने त्याला नाव दिले. ते काम संपले असे मात्र कोणी समजू नये. समुद्राच्या पोटात असे असंख्य जीव आहेत की, ज्यांना नाव मिळून अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. शिवाय नाव देणे एक आणि ओळखणे दुसरे. ज्याला आपण नाव दिले तो जीव खरोखर कोण, हे कळण्यास कधी कधी अर्धे आयुष्य खर्ची पडते. हा फरक ज्यांनी आपल्या कामातून जगाला दाखवून दिला, त्या मिकाएल सार्स या नॉर्वेजियन पाळकांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मिकाएल सार्स यांचा जन्म ३० ऑगस्ट १८०५ रोजी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन या शहरात झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. मासळीचा व्यापार, पाऊस, डोंगर आणि आत शिरलेल्या खाड्या हीच बर्गनची ओळख. अशा गावात वाढलेल्या मुलाला समुद्राचा लळा लागला यात नवल नाही. तथापि त्या काळी नॉर्वेमध्ये केवळ प्राणिशास्त्रावर पोट भरणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून सार्स यांनी राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील विद्यापीठात ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला आणि १८२८ साली ती परीक्षा उत्तीर्ण केली. पुढे काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले.

ईश्वरविज्ञानाचा हा विद्यार्थी फावल्या वेळात किनाऱ्यावरचे जीव मात्र न्याहाळीत होताच. १८२९ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, सागरी प्राण्यांविषयीची आपली पहिली पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. तीत त्यांनी दोन नव्या प्राण्यांना नावे दिली. एक होता खडकाला चिकटून राहणारा, पेल्यासारखा, तोंडाभोवती बारीक स्पर्शतंतू असलेला इवलासा जीव. त्याचे नाव त्यांनी स्किफिस्टोमा ठेवले. दुसरा प्राणी याहून विलक्षण होता. बशा एकावर एक रचून ठेवाव्यात तसे त्याचे शरीर आडव्या चकत्यांचे बनलेले होते. त्याला त्यांनी स्ट्रोबिला हे नाव दिले. तरुण संशोधकाने एका झटक्यात दोन नवे प्राणी जगापुढे आणले होते. या दोन नावांनीच पुढे त्यांची खरी परीक्षा घेतली.

१८३१ साली सार्स यांची नेमणूक किन येथील मंडळीचे पाळक म्हणून झाली. किन हे उघड्या समुद्रात असलेले बेट. तेथे बाराव्या शतकातील एक दगडी उपासनामंदिर आजही उभे आहे. आजूबाजूच्या बेटांवर विखुरलेल्या कोळी व शेतकरी कुटुंबांची आत्मिक काळजी वाहणे हे त्यांचे काम. अशा मंडळीत पाळकाचा रस्ता म्हणजे समुद्रच. बाप्तिस्मा असो, विवाह असो वा प्रेतक्रिया असो, होडीत बसल्यावाचून पाळकाला माणसांपर्यंत पोहोचता येत नसे. ज्या पाण्यातून ते सेवेला जात, त्याच पाण्यात त्यांच्या अभ्यासाचे विषय तरंगत होते.

त्याच वर्षी त्यांचा विवाह मारेन वेलहावेन यांच्याशी झाला. नॉर्वेचे नामवंत कवी योहान सेबास्तियान वेलहावेन हे मारेनबाईंचे बंधू. त्यांचे वडील बर्गनमधील सेंट यॉर्गन या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाचे पाळक होते. तेथील रोग्यांची हलाखी त्यांनी १८१६ साली लिहून प्रसिद्ध केली होती. कुष्ठरोग्यांच्या सेवेची परंपरा जपणाऱ्या भारतातील ख्रिस्ती वाचकांना हा धागा जवळचा वाटेल. याच बर्गनमध्ये कुष्ठरोगावर आयुष्य वेचणारे डॉक्टर डॅनियलसन हे सागरी प्राण्यांच्या अभ्यासात सार्स यांचे सहकारी झाले आणि याच शहरात १८७३ साली आर्मावर हॅन्सन यांना कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध लागला. किनाऱ्यावरचे क्षुद्र जीव न्याहाळणारे डोळे आणि समाजाने टाकलेल्या माणसांकडे पाहणारे डोळे त्या गावात एकमेकांपासून फार दूर नव्हते.

आता त्या दोन नावांकडे वळू. किनच्या किनाऱ्यावर सार्स यांना आपले दोन्ही प्राणी पुनःपुन्हा भेटू लागले. घाईने पाहणाऱ्याला जे दिसत नाही ते वर्षानुवर्षे त्याच किनाऱ्यावर राहणाऱ्याला दिसते. स्किफिस्टोमाच्या शरीरावर आडव्या खाचा पडू लागतात, खाचा खोल होत जातात आणि त्याचाच स्ट्रोबिला होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणजे आपण ज्यांना दोन प्राणी म्हटले ते एकाच प्राण्याचे बालपण आणि पुढचे वय होते. १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी ते स्वतःच सांगून टाकले.

पण प्रश्न तेथेही थांबला नाही. स्ट्रोबिलाच्या चकत्या एकेक करून सुटतात आणि पोहू लागतात. सुटलेल्या चकतीला टोकाशी दुभंगलेले आठ हात असतात. असा आठ हातांचा लहान जीव पूर्वीच्या निसर्गशास्त्रज्ञांनी पाहिला होता आणि त्यालाही एफिरा हे स्वतंत्र नाव देऊन ठेवले होते. सार्स यांनी या चकत्यांची वाढ पाहिली. हळूहळू हातांमधील जागा भरून येते, शरीर छत्रीसारखे होते आणि शेवटी समोर येते ती सर्वांना ठाऊक असलेली जेलीफिश.

याचा पुरावा पुरा व्हावा म्हणून त्यांनी उलट टोकाकडूनही सुरुवात केली. चंद्रासारखी पांढुरकी दिसणारी ऑरेलिया नावाची जेलीफिश आपली फलित अंडी तोंडाजवळच्या लोंबत्या हातांच्या घड्यांत सांभाळते. तेथून बाहेर पडणारे पिल्लू डोळ्याला कसेबसे दिसेल इतके लहान, लंबगोल आणि अंगभर सूक्ष्म केस असलेले असते. त्या केसांच्या हालचालीने ते पोहते. त्याला पुढची आणि मागची बाजू असते, पण तोंड नसते. सार्स यांनी अशी पिले समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत ठेवली. पिले पुढच्या टोकाने तळाला चिकटली. वरच्या टोकाला तोंड उघडले, त्याभोवती स्पर्शतंतू फुटले आणि तो पेला तयार झाला, ज्याला त्यांनी तारुण्यात स्किफिस्टोमा म्हटले होते. वर्तुळ पुरे झाले. ऑरेलिया आणि तिचीच नातलग असलेली, लांब तंतूंची सायनिया, या दोन्ही जेलीफिशांच्या वाढीचा हा वृत्तान्त त्यांनी १८४१ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केला आणि युरोपभरच्या शास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली.

या घटनेचे मोल थोडे थांबून पाहिले पाहिजे. विद्वानांच्या जगात नव्या प्राण्याला नाव देणे हा मोठा मान असतो, कारण ते नाव देणाऱ्याच्या नावासह कायम राहते. सार्स यांनी आपल्या पहिल्याच पुस्तिकेतील दोन स्वतंत्र प्राणी आपल्याच हाताने पुसून टाकले. कोणी प्रतिस्पर्ध्याने त्यांची चूक काढण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. गंमत अशी की, ती दोन्ही नावे नाहीशी मात्र झाली नाहीत. प्राण्याच्या जातीचे नाव म्हणून ती गेली, पण वाढीच्या अवस्थेचे नाव म्हणून आजच्या पाठ्यपुस्तकांत ती टिकून आहेत. जे त्यांनी सोडून दिले तेच अधिक टिकाऊ रूपाने त्यांना परत मिळाले.

१८४० साली ते बर्गनच्या उत्तरेस असलेल्या मांगेर या मंडळीत पाळक झाले. तेथे त्यांनी चौदा वर्षे काढली. पदरी मोठे कुटुंब, मंडळीची कामे आणि उरलेल्या वेळात होडी, जाळे व सूक्ष्मदर्शक असा त्यांचा संसार होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील प्राण्यांविषयीच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग १८४६ साली निघाला. त्यात त्यांचे लक्ष विशेषतः वसाहत करून राहणाऱ्या प्राण्यांकडे गेलेले दिसते.

वसाहत करून राहणारा प्राणी म्हणजे काय, हे प्रथम सांगणे अवश्य आहे. शंखात राहणारा खेकडा आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही सर्वांना परिचित आहे. नॉर्वेमध्ये अशा खेकड्याच्या शंखावर गुलाबी मखमलीसारखा एक थर सार्स यांना आढळला. बारकाईने पाहता ती मखमल म्हणजे शेकडो लहान पॉलिप होते आणि तळाशी ते सर्व एकमेकांशी नळ्यांनी जोडलेले होते. या जीवाला त्यांनी पोडोकोरिना हे नाव दिले. अंड्यातून आलेले एकच पिल्लू शंखावर बसते, त्याचा पहिला पॉलिप होतो, त्याच्या बुडाशी मुळांसारख्या नळ्या पसरतात आणि त्या नळ्यांवर पुढचे पॉलिप उगवतात. काही पॉलिप अन्न घेतात, काहींच्या अंगावर कळ्या येतात आणि त्या कळ्या सुटून इवल्या जेलीफिश होऊन पोहत जातात. एकाने खाल्लेले अन्न नळ्यांतून साऱ्या वसाहतीला पोहोचते.

याहून आश्चर्यकारक होता तो पाण्यात तरंगणारा प्राणी, ज्याचे वर्णन सार्स यांनी त्याच ग्रंथात केले आणि ज्याला आज अगाल्मा म्हणतात. लांब देठाच्या वरच्या टोकाला हवेची लहान पिशवी, तिच्याखाली पोहण्यासाठी काचेच्या घंटांसारखे अवयव, त्याखाली खाणारे, शिकार करणारे आणि प्रजोत्पादन करणारे घटक, अशी ती रांग असते. प्रत्येक घटक एका स्वतंत्र पॉलिपाच्या किंवा जेलीफिशच्या तोडीचा, पण एकटा कोणीच जगू शकत नाही. हे सारे एकाच अंड्यातून निघते. मग हा एक प्राणी म्हणावा की अनेक? त्या काळच्या पंडितांना या प्रश्नाने फार सतावले. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर ब्लू बॉटल नावाचे जे निळे, दंश करणारे जीव वाहून येतात, ते याच कुळातील होत. त्यांची हवेची पिशवी शिडाचे काम करते आणि ते शीड कोणाचे डावीकडे तर कोणाचे उजवीकडे कललेले असते. त्यामुळे एकाच वाऱ्यात ते दोन निरनिराळ्या दिशांना ढकलले जातात. बाळरूपातच हे डावे-उजवेपण ठरून जाते.

तिसरे उदाहरण साल्पाचे. साल्पा हा काचेच्या पिंपासारखा पारदर्शक सागरी जीव कधी एकटा आढळतो, तर कधी त्याच्या लांब साखळ्या आढळतात. कवी आणि निसर्गशास्त्रज्ञ आडेलबर्ट फॉन शामिसो यांनी १८१९ साली असे प्रतिपादन केले होते की, एकट्या साल्पाच्या पोटी साखळी जन्मते आणि साखळीतील प्रत्येकाच्या पोटी एकटा साल्पा. म्हणजे मूल आईसारखे नसते, आजीसारखे असते. शामिसो कवी असल्यामुळे ही त्यांची कल्पनाच असावी, असे अनेकांना वाटले. सार्स यांनी नॉर्वेच्या समुद्रात तेच प्रत्यक्ष पाहिले आणि १८४६ च्या ग्रंथात त्याला दुजोरा दिला. शामिसो त्यापूर्वीच, १८३८ साली, वारले होते. त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना मिळवून देण्यात एका खेड्यातल्या पाळकाचा हात लागला. डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी १८४२ साली पिढ्यांच्या आलटून-पालटून येण्याचा जो सिद्धान्त मांडला, त्यालाही सार्स यांच्या जेलीफिशांवरील निरीक्षणांचा मोठा आधार होता.

शरीराच्या घडणीतील सममितीबाबतही सार्स यांची देणगी लक्षणीय आहे. मनुष्य, मासा, फुलपाखरू यांच्या शरीराचे डावा आणि उजवा असे दोन सारखे भाग पडतात. जेलीफिश आणि तारामासा मात्र चाकासारखे गोलाकार रचलेले दिसतात. त्यामुळे जुन्या शास्त्रज्ञांनी या दोघांना एकाच मोठ्या गटात घातले होते. सार्स यांनी तांबड्या रंगाच्या एका लहान तारामाशाचा अभ्यास केला. त्याची मादी आपले पाचही हात कमानीसारखे वळवून अंडी शरीराखाली झाकून ठेवते. त्या अंड्यांतून बाहेर पडणारी पिले तारेसारखी मुळीच नसतात. ती लंबगोल असतात, त्यांना पुढची व मागची बाजू असते आणि डावी-उजवी बाजू सारखी असते. पाच कोन त्यांना पुढे फुटतात. १८३५ च्या ग्रंथात त्यांनी बिपिन्नारिया नावाचा आणखी एक द्विपार्श्व, तरंगणारा जीव वर्णिला होता. तोही तारामाशाचेच बालरूप आहे, हे पुढे बर्गनच्याच कोरेन आणि डॅनियलसन यांनी १८४७ साली सविस्तर मांडले. आज आपल्याला ठाऊक आहे की, तारामाशाचे पंचकोनी शरीर मुख्यतः त्या पिलाच्या डाव्या बाजूला आकार घेते. बाहेरून चाकासारखा दिसणारा तारामासा जन्माने जेलीफिशचा नव्हे, तर आपल्यासारख्या डाव्या-उजव्या बाजू असलेल्या प्राण्यांचा आप्त आहे. हे नाते प्रौढ शरीर पाहून कळत नाही. त्यासाठी बाळपण पाहावे लागते.

१८५४ साली सार्स यांनी पाळकपद सोडले आणि ते ख्रिस्तियानिया विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेवीस वर्षांच्या सेवेनंतर झालेल्या या बदलाकडे कोणी कसे पाहावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. एवढे मात्र खरे की, जगाने ज्या कामासाठी त्यांचा गौरव केला त्याचा गाभा किन आणि मांगेरच्या मंडळ्यांत असतानाच तयार झाला होता.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे लक्ष खोल समुद्राकडे गेले. इंग्लंडचे एडवर्ड फोर्ब्स यांनी असे मत मांडले होते की, सुमारे तीनशे वावांखाली, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटरच्या पलीकडे, समुद्रात जीवसृष्टी नसावी. सार्स यांनी वाद घातला नाही. त्यांनी तळ खरवडणारे जाळे खाली सोडले आणि वर आलेल्या प्राण्यांच्या याद्या केल्या. याद्या वाढतच गेल्या. १८६४ साली त्यांचे चिरंजीव गेओर्ग ओसियान सार्स यांना लोफोटेन बेटांजवळ सुमारे तीनशे वाव खोलीवर देठावर उभा असलेला, फुलासारखा एक प्राणी सापडला. त्याचे जवळचे आप्त तोवर मुख्यतः खडकांतील जीवाश्मांच्या रूपाने ठाऊक होते. पित्याने १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच पुस्तकात त्याच्या एका मोकळेपणी पोहणाऱ्या नातलगाचे पिल्लूही बालपणी देठावरच उभे असते, हे चित्रांसह दाखविले. म्हातारपणीही त्यांचा हात पिलांकडेच वळत होता. हा संग्रह ब्रिटनच्या वायव्हिल थॉमसन यांनी पाहिला. तळाच्या शोधाची त्यांना लागलेली ओढ पुढे १८७२ ते १८७६ या काळातील चॅलेंजर जहाजाच्या जगप्रसिद्ध सफरीत फळाला आली.

ती सफर पाहण्यास सार्स मात्र उरले नव्हते. २२ ऑक्टोबर १८६९ रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. थोरले चिरंजीव एर्न्स्ट नॉर्वेचे थोर इतिहासकार झाले. गेओर्ग ओसियान यांनी कॉड माशाची अंडी तळाशी नसून पाण्यात तरंगत वाढतात हे शोधून काढले. मच्छीमारीच्या शास्त्रात ही गोष्ट फार मोलाची ठरली. धाकटी कन्या एव्हा गायिका म्हणून नावारूपाला आली आणि पुढे ध्रुवप्रदेशाचे संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांच्याशी तिचा विवाह झाला. आज बर्गन विद्यापीठात मिकाएल सार्स यांच्या नावाचे केंद्र आहे. सागरी जीवांच्या भ्रूणांची वाढ, त्यांच्या पेशी आणि जनुके यांचा तेथे अभ्यास चालतो. त्यांनी नाव दिलेली पोडोकोरिनाही प्रयोगशाळांतून वाढविली जाते. पॉलिपाच्या अंगावर जेलीफिशची कळी कशी घडते, हे तिच्यातून तपासले जाते.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? सार्स यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, राजधानीतील विद्वानांचा सहवास नव्हता. त्यांच्यापाशी एक किनारा होता आणि त्याच किनाऱ्यावर पुनःपुन्हा जाण्याची चिकाटी होती. एका क्षणी दिसलेले रूप म्हणजे संपूर्ण जीव नव्हे, हे त्यांना कळले होते. त्यांचे हे वळण पाळकाच्या कामाशीही विसंगत नाही. मंडळीतील बालकाला बाप्तिस्मा देणारा, त्यालाच पुढे विवाहाच्या वेळी आशीर्वाद देणारा आणि वृद्धपणी त्याच्या उशाशी बसणारा पाळक माणसाला एका भेटीवरून ओळखल्याचे म्हणत नाही. आपण मात्र माणसांना चटकन नावे देऊन मोकळे होतो. हा आळशी, तो अविश्वासी, तिसरा सुधारण्यापलीकडचा. आज ज्याला आपण पाहतो तो कदाचित खडकाला चिकटलेला, तोंडही नीट न उघडलेला पेला असेल. उद्या त्यातून काय सुटून पोहू लागेल, हे थांबून पाहण्याची तयारी आपल्यापाशी असावी. आणि आपण दिलेले नाव चुकले असे कळले, तर ते आपल्याच हाताने पुसून टाकण्याइतकी नम्रताही असावी.